कार्डावरची झीज, जर्सीवरची झीज

खेळाशी संबंधित कोणतीही जुनी वस्तू संग्राहकासमोर आली की तिच्याविषयी दोन स्वतंत्र प्रश्न उभे राहतात. सांगितले जाते तीच ती वस्तू आहे का, हा पहिला प्रश्न, आणि ती आज कोणत्या अवस्थेत आहे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर शोधण्याला अस्सलपणाची पारख म्हणतात आणि दुसऱ्याचे उत्तर ठरवण्याला प्रतवारी. हे दोन्ही निर्णय पुष्कळदा एकाच प्रमाणपत्रावर छापलेले असल्यामुळे सामान्य खरेदीदाराच्या मनात त्यांची सरमिसळ होते; प्रत्यक्षात त्यांची तर्कपद्धती वेगळी आहे आणि काही बाबतींत ती परस्परविरुद्धही जाते. खेळाडूचे चित्र असलेल्या छापील कार्डाला घडी पडली तर त्याची किंमत घसरते, मात्र सामन्यात घातलेल्या जर्सीवरचा मातीचा डाग तिची किंमत वाढवू शकतो. या विषयाचे सारे मर्म या विरोधात आहे.

मंठा, परतूर, जिंतूर या कापूस पिकवणाऱ्या पट्ट्यात प्रतवारी ही कल्पना नवी नाही. १९७१च्या कायद्याने राज्यात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाल्यानंतर खरेदी केंद्रावरचा ग्रेडर मूठभर कापूस हातात घेऊन धाग्याची लांबी, ओलावा, रंग आणि कचरा पाहून प्रत ठरवत असे, आणि त्या एका शब्दावर गाडीभर मालाचा भाव अवलंबून असे. कार्डाची प्रतवारी याच जातीची आहे: वस्तू काय आहे याबद्दल वाद नसतो, ती किती निर्दोष उरली आहे एवढेच ठरवायचे असते, आणि त्यासाठी ठरावीक कसोट्या ठरावीक क्रमाने लावायच्या असतात.

खेळाडूंची कार्डे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिगारेटच्या पाकिटांतून आली. पाकीट चुरगळू नये म्हणून आत घातल्या जाणाऱ्या जाड कागदाच्या तुकड्यावर चित्र छापले की गिऱ्हाईकही टिकते, हे कंपन्यांच्या लक्षात आले होते. पुढे अमेरिकेत ही जागा च्युइंगमने घेतली. भारतात १९८० आणि १९९०च्या दशकांत शाळकरी वयात असलेल्यांना ‘बिग फन’ बबलगमबरोबर मिळणारी, मागे धावा आणि बळी छापलेली क्रिकेटपटूंची छोटी कार्डे आठवत असतील. ती वहीत खळीने चिकटवली गेली, खिशात दुमडली गेली, पैजेत हरली आणि जिंकली गेली. म्हणूनच त्यांपैकी कोरे, न वाकलेले आणि पाठीमागे गोंदाचा डाग नसलेले कार्ड दुर्मीळ ठरते. अशा वस्तूंच्या बाबतीत दुर्मीळपणा छपाईच्या संख्येपेक्षा मुलांच्या हाताळणीतून जन्माला येतो.

कार्डांच्या प्रतवारीला व्यवसायाचे रूप १९९१मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या प्रोफेशनल स्पोर्ट्स ऑथेंटिकेटर, म्हणजे पीएसए या संस्थेने दिले. मालक आपले कार्ड संस्थेकडे पाठवतो, परीक्षक ते तपासून १ ते १० यांपैकी एक अंक देतात, आणि नंतर कार्ड कठीण पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत कायमचे बंद करून त्यावर अंक, वर्ष आणि क्रमांक असलेली चिठ्ठी लावली जाते. या बंद पेटीला व्यवहारात ‘स्लॅब’ म्हणतात. एसजीसी आणि बेकेट या संस्था पुढे याच क्षेत्रात उतरल्या. बेकेटने एकूण अंकाबरोबर प्रत्येक कसोटीचा वेगळा अंकही चिठ्ठीवर देण्याची रीत रूढ केली, आणि ती वाचकाला अधिक उपयोगी आहे, कारण कार्ड नेमके कुठे कमी पडले हे तिच्यातून कळते.

कसोट्या चार आहेत. पहिली केंद्रितता, म्हणजे चित्र कार्डाच्या नेमके मधोमध छापले गेले आहे की नाही. डाव्या बाजूची पांढरी किनार ३ मिलिमीटर आणि उजवीकडची २ मिलिमीटर असेल तर ते प्रमाण ६०–४० असे लिहिले जाते. सर्वोच्च प्रतीसाठी समोरच्या बाजूचे प्रमाण जवळजवळ समसमान असावे लागते, मागच्या बाजूला मात्र अधिक सूट मिळते. हा दोष छापखान्यात कागद कापतानाच निर्माण झालेला असतो आणि मालकाने कितीही जपले तरी तो सुधारत नाही. दुसरी कसोटी कोपऱ्यांची: दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली कोपरा टोकदार आहे, की त्याचे तंतू सुटून तो कापसासारखा पांढुरका झाला आहे, हे पाहतात. तिसरी कडांची, जिथे रंग उडून आतला कागद डोकावतो. चौथी पृष्ठभागाची, आणि ती सर्वांत फसवी असते, कारण समोरून निर्दोष दिसणारे कार्ड प्रकाशाच्या झोताखाली तिरपे धरले की त्यावर केसासारखा ओरखडा किंवा पुसून टाकलेली घडी उमटून येते. दहा म्हणजे रत्नवत कोरे, नऊ म्हणजे कोरे, पाच म्हणजे उत्तम पण वापरलेले आणि एक म्हणजे जेमतेम ओळखता येणारे, असा हा उतरता जिना आहे.

या जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर किंमत सरळ रेषेत वाढत नाही, ती उसळी घेते. १९५२च्या टॉप्स संचातील मिकी मँटल या बेसबॉलपटूचे कार्ड जगात अनेकांकडे आहे. पण एसजीसीने ९.५ अंक दिलेली त्याची एक प्रत ऑगस्ट २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकली गेली, कारण त्या अवस्थेतील प्रती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत. सात आणि आठ या अंकांत उघड्या डोळ्यांना जवळजवळ फरक दिसत नाही, बाजारात मात्र तो मोठा असतो, आणि जिथे नजरेला न दिसणाऱ्या फरकाला एवढा पैसा मिळतो तिथे तो फरक हाताने निर्माण करण्याचा मोह होतो.

या मोहाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण खुद्द पीएसएच्या जन्माशी जोडलेले आहे. होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे ‘टी २०६’ मालिकेतील कार्ड १९०९ ते १९११ या काळात निघाले आणि लवकरच छापणे बंद झाले. त्याची सर्वांत सुबक प्रत पीएसएने तपासलेले पहिले कार्ड म्हणून ओळखली जाते, आणि तिला ८ अंक मिळाला होता. तिच्या कडा इतक्या जुन्या कार्डासाठी संशयास्पद रीतीने तीक्ष्ण होत्या. ते कार्ड विकणारे व्यापारी बिल मॅस्ट्रो यांनी २०१३मध्ये अमेरिकी न्यायालयात त्याच्या कडा कापल्याची कबुली दिली. कड कापणे, उडालेल्या जागी रंग भरणे, दाबून घडी मिटवणे, रसायनाने डाग काढणे या सर्वांना संग्राहकांच्या परिभाषेत फेरफार म्हणतात, आणि फेरफार सिद्ध झाला की कार्डाला अंक नाकारून फक्त ‘अस्सल, पण फेरफार केलेले’ अशी नोंद होते. यासाठी परीक्षक कार्डाची लांबी-रुंदी मोजतात, कडेचा कागद भिंगाखाली पाहतात, आणि अतिनील दिवा लावतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात मिसळली जाऊ लागलेली द्रव्ये त्या दिव्याखाली निळसर चमकतात, त्यामुळे १९१०चे म्हणून विकले जाणारे कार्ड असे चमकले तर त्याची बनावट तिथेच उघडी पडते.

जर्सीकडे वळताच हा सारा हिशेब उलटतो. दुकानातल्या घडीतली, एकदाही अंगाला न लागलेली जर्सी अवस्थेच्या दृष्टीने दहापैकी दहा असली तरी संग्राहकाला तिच्यात रस नसतो. त्याला हवी असते ती खेळाडूच्या अंगावर घामेजलेली, कोपराशी घासलेली, एखाद्या झेलासाठी मारलेल्या उडीने छातीवर हिरवा ओरखडा पडलेली. म्हणून जर्सीच्या बाबतीत पहिली विभागणी अवस्थेची नसून वापराची असते: चाहत्यांसाठी दुकानात विकलेली प्रतिकृती, खेळाडूसाठी तयार करून दिलेली पण सामन्यात न घातलेली, आणि प्रत्यक्ष सामन्यात घातलेली, अशा तीन थरांत ती प्रथम बसवली जाते. मधला थर सर्वांत अवघड असतो, कारण अशा जर्सीचे कापड, माप, शिलाई आणि क्रमांक सामन्यातल्या जर्सीसारखेच असतात. उणीव असते ती केवळ खेळाची.

तपासणीचा आरंभ कापडापासून होतो. गळ्याच्या आतली उत्पादकाची पट्टी, माप, वर्षाची खूण, अंक शिवलेले आहेत की उष्णतेने चिकटवलेले, बाहीची लांबी खेळाडूच्या सवयीप्रमाणे कमी केली आहे का, या गोष्टी आधी पाहतात, कारण त्यांपैकी एकही चुकीची निघाली तर पुढचे डाग पाहण्याची गरजच राहत नाही. भारतीय क्रिकेट संघाच्या बाबतीत छातीवरचे नाव हे वर्ष ओळखण्याचे सर्वांत सोपे साधन आहे. २०१३ अखेरपर्यंत तिथे सहारा होते, त्यानंतर स्टार, २०१७पासून ओप्पो, २०१९पासून बायजूज आणि २०२३ ते २०२५ ड्रीम ११. कपडे पुरवणारी कंपनी २००६ ते २०२० या काळात नायकी होती. शिवाय विश्वचषकासारख्या आयसीसीच्या स्पर्धांत छातीच्या मधोमध देशाचे नाव असते आणि प्रायोजकाचे नाव बाहीवर जाते. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर झालेल्या अंतिम सामन्यातली म्हणून कोणी छातीभर ‘सहारा’ लिहिलेली जर्सी पुढे केली, तर ती त्या सामन्यातली नाही हे सांगण्यासाठी भिंगाची गरज नाही. कसोटी सामन्यांतील शर्टांवर नाव आणि क्रमांक ऑगस्ट २०१९पासूनच आले; त्याआधीचा पांढरा शर्ट कोणाचा, हे ठरवण्यासाठी माप, आतली धोब्याची खूण आणि मालकीचा इतिहास यांवरच भिस्त ठेवावी लागते.

त्यानंतर झीज वाचण्याची पाळी येते. खरी झीज ठरावीक जागी असते आणि तिला कारण असते. लाल चेंडूने खेळणाऱ्या गोलंदाजाच्या पांढऱ्या पँटीवर मांडीच्या वरच्या भागात लालसर-तपकिरी पट्टा उमटतो, कारण चेंडूची एक बाजू चकचकीत ठेवण्यासाठी तो दर चेंडूमागे तिथेच घासला जातो. पांढऱ्या चेंडूच्या सामन्यात असा पट्टा उमटणार नाही, आणि गुलाबी चेंडूचा पट्टा लालही असणार नाही. कॉलरच्या आत उन्हापासून बचावासाठी लावलेल्या मलमाचा तेलकट थर, काखेत घाम वाळून उठलेल्या क्षाराच्या वर्तुळाकार रेषा, यष्टिरक्षकाच्या गुडघ्यांवर विरलेले कापड, कबड्डीपटूच्या जर्सीला बगलेपासून कमरेपर्यंत प्रतिस्पर्ध्याच्या पकडीने आलेला ताण आणि उसवलेली शिवण, लाल मातीत लढलेल्या पैलवानाच्या लंगोटाच्या विणीत खोल शिरलेली तांबूस धूळ, या सगळ्या खुणा त्या खेळाच्या हालचालींशी जुळल्या पाहिजेत. बनावट झीज इथेच पकडली जाते. सँडपेपरने घासलेले कापड सगळीकडे सारखेच विरते, चहात बुडवलेला शर्ट आतबाहेर सारखाच पिवळा होतो. अंगावर झिजलेले कापड मात्र कुठेही सारखे नसते.

मिअर्स नावाच्या अमेरिकी संस्थेने अशा जर्सींनाही ‘ए’ अक्षराबरोबर १ ते १० असा अंक देण्याची पद्धत बसवली. तिच्यात वापरामुळे झालेली झीज हा अवगुण मानला जात नाही. गुण कापले जातात ते नंतर बदललेला क्रमांक, पुन्हा शिवलेले नाव, काढून टाकलेली पट्टी किंवा नव्याने घातलेले ठिगळ यांसाठी. ठिगळ खेळाडूच्या काळातले, संघाच्या शिंप्याने घातलेले असेल तर ते झिजेच्या बाजूला जाते. वीस वर्षांनी मालकाने हौसेने घातलेले असेल तर फेरफाराच्या बाजूला. म्हणजे एकाच टाक्याचे मोल तो कोणी आणि केव्हा घातला यावर ठरते, आणि ते ठरवण्यासाठी धाग्याचे वय पाहावे लागते. पॉलिस्टरचा धागा जुन्या लोकरी जर्सीत आढळला की परीक्षक थांबतो.

या सगळ्याच्या वर गेल्या काही दशकांत एक नवे साधन आले आहे, छायाचित्र-जुळणी. कोणत्याही दोन जर्सी, त्याच कारखान्यात त्याच दिवशी शिवलेल्या असल्या तरी, तंतोतंत सारख्या नसतात: पट्टा शिवणीला कुठे भेटतो, अंकाची कड जाळीदार कापडाच्या कोणत्या छिद्रावर येते, अक्षराच्या टोकाशी धागा किती सुटला आहे, यांत सूक्ष्म फरक उरतो. सामन्याच्या स्पष्ट छायाचित्रात हा फरक पकडता आला आणि तो हातातल्या जर्सीशी जुळला, तर ती जर्सी त्या क्षणी त्या अंगावर होती हे सिद्ध होते. बेसबॉलपटू बेब रूथ यांची १९३२ची एक जर्सी २००५मध्ये सुमारे ९ लाख ४० हजार डॉलरना विकली गेली होती. पुढे छायाचित्रांशी ताडून ती १ ऑक्टोबर १९३२च्या वर्ल्ड सिरीजमधील एका प्रसिद्ध सामन्यातली असल्याचे ठरले, आणि ऑगस्ट २०२४मध्ये तिला २ कोटी ४१ लाख डॉलरहून अधिक किंमत आली. या एकोणीस वर्षांत कापड सुधारलेले नव्हते, पुरावा सुधारला होता.

फुटबॉलपटू दिएगो माराडोना यांच्या जर्सीची हकीकत याहून बोलकी आहे. २२ जून १९८६ रोजी मेक्सिकोत इंग्लंडविरुद्ध घालण्यासाठी अर्जेंटिनाच्या प्रशिक्षकांना वजनाला हलके निळे शर्ट हवे होते, म्हणून ऐन वेळी मेक्सिको सिटीतल्या दुकानातून ते आणले गेले, त्यांवर घाईने बोधचिन्हे शिवली गेली आणि चंदेरी अंक इस्त्रीने चिकटवले गेले. माराडोनांचे दोन्ही गोल सामन्याच्या दुसऱ्या सत्रातले होते, आणि सामन्यानंतर स्टीव्ह हॉज या इंग्लिश खेळाडूने त्यांच्याशी शर्टाची अदलाबदल केली. तो शर्ट २०२२मध्ये लिलावात आला तेव्हा माराडोनांच्या कुटुंबीयांकडून तो पहिल्या सत्रातला असल्याचा दावा झाला. निर्णय छायाचित्र-जुळणीने झाला, आणि तो शक्य झाला तो त्या घाईमुळेच, कारण हाताने लावलेले बोधचिन्ह आणि अंक प्रत्येक शर्टावर थोडे वेगळ्या जागी बसले होते. तो शर्ट ७१ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला.

क्रिकेटमध्ये झिजलेल्या वस्तूचा मान याहून जुना आहे. ऑस्ट्रेलियाचा कसोटीपटू आपली हिरवी टोपी कारकीर्दभर एकच वापरतो आणि तिची शिवण उसवू लागली तरी बदलत नाही. शेन वॉर्न यांची टोपी जानेवारी २०२०मध्ये वणव्यातील पीडितांच्या मदतीसाठी विकली गेली आणि तिला १० लाख ७ हजार ५०० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. ती कोरी असती तर एवढी किंमत कोणी दिली नसती. भारताच्या बाजूने पाहिले तर २०११च्या अंतिम सामन्यात महेंद्रसिंह धोनी यांनी ज्या बॅटने षटकार मारून विश्वचषक जिंकून दिला, ती त्याच वर्षी लंडनमध्ये धर्मादाय लिलावात सुमारे एक लाख पौंडांना गेली. तिच्या पात्यावरचे चेंडूचे ठसे हा तिचा दागिना आहे.

महाराष्ट्रात अशा वस्तू जपण्याची दखल घेण्याजोगी कामे झाली आहेत. पुण्यातील सहकारनगरात रोहन पाटे यांनी उभारलेल्या ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ या क्रिकेट संग्रहालयाचे उद्घाटन २०१२मध्ये सचिन तेंडुलकर यांनी केले, आणि तेथे जगभरच्या खेळाडूंच्या बॅट, जर्सी, हातमोजे एकत्र पाहता येतात. २०२५मध्ये वानखेडे स्टेडियमच्या आवारात मुंबई क्रिकेट असोसिएशनचे संग्रहालयही उभे राहिले. क्रिकेटला हे भाग्य लाभले. कुस्ती, कबड्डी, खो-खो यांना अजून तेवढे लाभलेले नाही, आणि ही उणीव या लेखनाच्या दृष्टीने सर्वांत खेदाची आहे. कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधव यांनी १९५२मध्ये हेलसिंकीत जिंकलेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कुस्ती अकादमीसाठी पैसा उभा करता यावा म्हणून २०१७मध्ये कुटुंबीयांना ते लिलावात काढण्याचा विचार जाहीर करावा लागला होता. अशा पदकाच्या अस्सलपणाविषयी शंका नसते, पण त्याची अवस्था एका चुकीने बिघडू शकते: पितळी पॉलिशने घासून चकचकीत केलेले पदक आपली मूळ झळाळी आणि कोरीव कडा दोन्ही गमावते.

जालना जिल्ह्यालाही या विषयाशी नाते सांगण्याजोगा इतिहास आहे. २०१४च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचे नेतृत्व करणारे विजय झोल हे जालन्याचे, आणि कूचबिहार करंडकात महाराष्ट्राकडून त्यांनी केलेल्या नाबाद ४५१ धावा वयोगटातील क्रिकेटच्या नोंदीत आहेत. डिसेंबर २०१८मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा जालन्यात भरली आणि बाला रफिक शेख यांनी अभिजित कटके यांना हरवून गदा पटकावली. पण वर्ल्ड सिरीजमध्ये जितके कॅमेरे रोखलेले असतात तितके तालुका, जिल्हा किंवा वयोगटाच्या सामन्यात नसतात, आणि जिथे छायाचित्र नाही तिथे जुळणीही नाही. अमेरिकेत २००१पासून मेजर लीग बेसबॉलच्या मैदानावर एक अधिकृत परीक्षक बसतो आणि चेंडू खेळातून बाहेर येताच त्यावर क्रमांकित खूण लावतो; मंठ्याच्या शाळेच्या मैदानावर कबड्डीची अंतिम लढत संपते तेव्हा ते काम करणारे कोणी नसते. ते घरच्यांनाच करावे लागते.

त्यासाठी फार साधने लागत नाहीत. सामना संपल्यावर जर्सी धुऊ नये. घाम आणि दमटपणा राहिला तर पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून ती सावलीत पूर्ण वाळवून, स्वच्छ धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात सैल गुंडाळून, घरातल्या आतल्या भिंतीजवळच्या कपाटात ठेवावी. मऊ प्लास्टिकच्या पिशव्या कापडाला आणि छपाईला चिकटतात, डांबरगोळ्या थेट लागल्या की डाग पडतात, आणि कसर जुन्या सुताला धरते, त्यामुळे वर्षातून दोनदा घडी बदलून पाहावे, कारण एकाच घडीवर कापड तुटते. जुनी कार्डे, प्रशस्तिपत्रे आणि संघाची छायाचित्रे लॅमिनेट करू नयेत आणि त्यांना चिकटपट्टी लावू नये. हे दोन्ही उपाय परत उलटवता येत नाहीत आणि प्रतवारीच्या दृष्टीने वस्तू तिथेच संपते. प्रत्येक वस्तूबरोबर साध्या कागदावर पेन्सिलीने स्पर्धा, गाव, तारीख, प्रतिस्पर्धी संघ आणि ती वस्तू कोणाकडून कोणाकडे आली हे लिहून ठेवावे, त्या दिवसाचे मोबाइलमधील छायाचित्र छापून त्या कागदाला जोडावे, आणि ज्या खेळाडूची ती वस्तू आहे त्याची सही तो हयात असतानाच त्या कागदावर घ्यावी.